ओल्या पदार्थांचा उजेड: मासे, कोळंबी, खेकड्यांचे फोटो काढताना

प्रश्न थोडक्यात असा: माशांच्या पदार्थांचे फोटो काढताना दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांत एकेक सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड लावलेला पेटीसारखा दिवा) लावला आहे. कोळंबी आणि खेकडे प्लास्टिकचे वाटतात, माशाच्या कातडीवर पांढरे डाग पडतात. उजेड कमी करून किंवा एडिटिंगमध्ये चकाकी दाबून पाहिली, तर तोच पदार्थ सुकलेला, कालचा वाटतो. पोलरायझर (लेन्सवर लावून फिरवायचा, चकाकी अडवणारा फिल्टर) घेतल्याने हे सुटेल का, आणि लाइटिंग नेमकं कसं करावं?

पोलरायझरकडे नंतर येतो. आधी दोनपैकी एक सॉफ्टबॉक्स बंद करा आणि उरलेला उचलून ताटलीच्या मागच्या बाजूला न्या. अडचणीचा मोठा भाग एवढ्यानेच हलका होईल. तो का होतो हे कळलं की पुढचं प्रत्येक ताट स्वतःचं स्वतः लावता येतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मासळीचा पदार्थ जवळजवळ नेहमी ओला असतो. त्याच्यावर तेलाचा, लोण्याचा, रसाचा नाहीतर नुसत्या पाण्याचा पातळ थर असतो. अशा पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशाचं दोन प्रकारे होतं. काही प्रकाश मांसात थोडा आत शिरतो, तिथे विखुरतो आणि मांसाचा रंग घेऊन सगळ्या दिशांना बाहेर पडतो. बाकीचा वरच्या ओल्या थरावरूनच, आरशावरून परतावा तसा, ज्या कोनात आला त्याच कोनात पलीकडे निघून जातो. पहिल्या प्रकाशातून रंग दिसतो, दुसऱ्यातून ओलावा. पदार्थ ताजा आहे, रसरशीत आहे, आत्ताच चुलीवरून उतरला आहे, हे डोळा दुसऱ्यावरून ठरवतो. म्हणून चकाकी पुसली की मासा वाळतो, आणि वाटेल तिथे पडू दिली की डाग होतात. चकाकी हवीच आहे. ती कुठे पडावी, केवढी असावी आणि तिची कड किती मऊ असावी, हे तीन निर्णय तुमच्या हातात आहेत. माशांच्या फोटोग्राफीतलं लाइटिंग म्हणजे मुख्यतः हे तीन निर्णय.

चकाकी म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब. तुमच्या एखाद्या फोटोत कोळंबीच्या पाठीवर झूम करून पाहा. दोन छोटे पांढरे चौकोन दिसतील, सरळ कडांचे, आतून सपाट पांढरे. ते तुमचे दोन सॉफ्टबॉक्स. पाहणाऱ्याला ते चौकोन आहेत हे जाणवत नाही, पण सरळ कडेची एकसारखी पांढरी खूण गुळगुळीत कारखानी वस्तूवर दिसते, हे डोळ्याला माहीत असतं. प्लास्टिकचा भास तिथून येतो. रिंगलाइट लावला तर हेच गोल कडी होऊन दिसतं, आणि ते तर आणखी वाईट.

इथे सपाट आणि गोल पृष्ठभागांत फरक करायला हवा. रश्श्याचा पृष्ठभाग, फिलेची (काटा काढलेल्या माशाच्या तुकड्याची) कापलेली बाजू, सॉस पसरलेली ताटली हे सगळं बऱ्यापैकी सपाट. त्यांच्यात दिवा दिसायला कॅमेरा, पदार्थ आणि दिवा यांचा नेमका कोन जुळावा लागतो. दिवा थोडा सरकवला की चकाकी गेली. कोळंबीची पाठ, खेकड्याची नांगी, माशाचं पोट, द्राक्षाएवढे लहान बहिर्गोल भाग यांचं तसं नाही. बहिर्गोल पृष्ठभागात जवळजवळ अख्खी खोली मावते. दिवा कुठेही ठेवा, त्याचं प्रतिबिंब कुठेतरी दिसणारच. तिथे चकाकी टाळण्याच्या मागे लागू नका. तिचा आकार आणि कड बदला.

जागा नक्की करायला एक साधी युक्ती आहे. कॅमेरा लावून झाला की ताटलीच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहा. आरशात जे दिसेल तेच तुमच्या रश्श्यात आणि सॉसमध्ये दिसणार. छत दिसतंय? मग रस्सा छताच्या रंगाचा होईल. डिफ्यूजरची, म्हणजे दिव्यापुढे उजेड पसरवायला लावलेल्या कापडाची, कड दिसतेय? मग तीच कड रश्श्यावर रेघ होऊन पडेल.

आता मांडणी. ताटलीला घड्याळ समजा, कॅमेरा सहाच्या आकड्यावर. दिवा दहा-अकराच्या किंवा एक-दोनच्या जागी, पदार्थापासून तीस ते पंचेचाळीस अंश उंच. मागून आलेला प्रकाश ओल्या थरावरून घसरत कॅमेऱ्याकडे येतो, त्यामुळे चकाकी पदार्थाच्या वरच्या मागच्या कडेला जमते आणि समोरचा भाग रंग दाखवायला मोकळा राहतो. शिवाय सावल्या कॅमेऱ्याकडे पडतात, म्हणून माशाच्या मांसाच्या पाकळ्या एकमेकींपासून सुटतात. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड असला की एका दिव्याची सावली दुसरा भरून काढतो आणि पाकळ्या चिकटून एक पांढरट गोळा होतो. ठीक बाराच्या जागी दिवा ठेवायला हरकत नाही, पण मग समोरून बराच उजेड परतवावा लागतो आणि लेन्समध्ये थेट प्रकाश शिरून चित्र फिकं पडतं. लेन्सवर हूड लावा, नाहीतर एक काळं कार्ड दिवा आणि लेन्सच्या मध्ये उभं करा.

दिव्याचा मऊपणा, म्हणजे त्याच्या सावलीची आणि चकाकीची कड किती विरते ते, त्याच्या नुसत्या आकारावर ठरत नाही. पदार्थाच्या जागेवरून पाहिलं तर तो केवढा दिसतो, यावर ठरतो. साठ सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स अर्ध्या मीटरवर मऊ, तोच तीन मीटरवर चांगलाच कडक. ताटलीच्या निदान दुप्पट रुंदीचा डिफ्यूजर फ्रेमच्या अगदी बाहेर येईल इतका जवळ आणा. आणखी एक जागा आहे, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात: दिवा आणि डिफ्यूजरचं कापड यांच्यामधलं अंतर. दिवा कापडाला चिकटून असेल तर कापडाचा मधला भाग तळपतो आणि कडा अंधाऱ्या राहतात. दिवा मागे नेला की कापड सगळीकडे सारखं उजळतं. सारखं उजळलेलं कापड म्हणजे सपाट पांढरी चकाकी, तोच प्लास्टिकचा चौकोन. मधे उजळ आणि कडेला विरत गेलेलं कापड म्हणजे मधे तेजस्वी आणि कडेला विरत गेलेली चकाकी, आणि ती ओलाव्यासारखी दिसते. म्हणून माशांसाठी मी तयार सॉफ्टबॉक्सपेक्षा स्टँडवर ताणलेलं पांढरं कापड किंवा ट्रेसिंग पेपर आणि त्यामागे सुटा दिवा पसंत करतो. दिवा हातभर पुढे-मागे केला की चकाकीची कड डोळ्यांदेखत बदलते. सॉफ्टबॉक्सच वापरायचा असेल तर तो पदार्थावर न रोखता किंचित पुढे फिरवा, म्हणजे त्याच्या प्रकाशाची फक्त कड पदार्थावर येईल.

समोरच्या बाजूला पांढरं कार्ड ठेवा. थर्माकोलचा तुकडा उत्तम. चंदेरी रिफ्लेक्टर सुरुवातीला नकोच, कारण ओल्या पदार्थावर तो दुसऱ्या दिव्यासारखा वागतो आणि तुम्ही घालवलेले डाग परत आणून देतो. कार्ड किती जवळ आणायचं हे सावलीकडे बघून ठरवा: सावलीत पदार्थाचा पोत दिसला की थांबा. ज्या बाजूला आकार सपाट वाटतो तिथे उलट काळं कार्ड लावा. पांढऱ्या मांसाचे फोटो अनेकदा या काळ्या कार्डामुळेच सुधारतात.

अखंड माशाची रुपेरी कातडी हा या कामातला सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारा भाग. ती चंदेरी का दिसते? तिच्यात चंदेरी रंगद्रव्य नसतं. ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिशय पातळ पारदर्शक स्फटिकांचे थर असतात आणि त्या थरांवरून प्रकाश परततो. म्हणजे कातडी हा रचलेल्या आरशांचा गठ्ठा. आरशाला स्वतःचा रंग नसतो, त्याला समोर जे मिळेल ते तो दाखवतो. अंधाऱ्या खोलीत एका छोट्या दिव्याखाली ठेवलेला रुपेरी मासा काळाकुट्ट दिसतो आणि त्यावर एकच जळका पांढरा पट्टा असतो, याचं कारण हेच. त्याला मोठा, मऊ, विरत जाणारा उजळ पृष्ठभाग बघायला द्या. डिफ्यूजर माशाच्या पूर्ण लांबीपेक्षा मोठा हवा आणि शक्यतो माशाला समांतर, मागून वरून झुकलेला. मग पाठीकडची गडद रेघ, मधला चंदेरी पट्टा आणि पोटाकडचा पांढरेपणा सलग उतरत येतात. पोटाकडे काळ्या कार्डाची बारीक पट्टी ठेवलीत तर कड ताटलीपासून सुटते. खवले मोजता यायला हवे असतील तर या मऊ उजेडात फार मागून आणि खालून एक छोटा कडक दिवा, अगदी मंद, सरपटता सोडा. तो फक्त खवल्यांच्या कडा उचलतो.

आता पोलरायझर. पाणी, तेल, काच यांसारख्या पृष्ठभागांवरून तिरपा परतलेला प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपनं मुख्यतः एकाच दिशेत होतात, आणि फिल्टर फिरवून तो अडवता येतो. पाण्याच्या बाबतीत हा परिणाम उभ्या रेषेपासून सुमारे 53 अंशांवर सगळ्यात जास्त असतो. म्हणजे कॅमेरा टेबलापासून साधारण 35-40 अंश वर असेल तर. नेमकी हीच उंची पदार्थांच्या फोटोंत सर्रास वापरली जाते, म्हणून रश्श्यावरची चमक त्या कोनातून पोलरायझरने झटकन जाते. ठीक वरून काढलेल्या फोटोत मात्र सपाट रश्श्यावर त्याचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. धातूच्या ताटावरची चमकही त्याला जुमानत नाही. रुपेरी कातडीचं तर वेगळंच: सार्डिन, हेरिंग यांसारख्या माशांच्या कातडीत दोन प्रकारचे ग्वानिन स्फटिक मिसळलेले असतात आणि त्यामुळे तिथून परतणारा प्रकाश फारसा ध्रुवित होतच नाही. तिथे पोलरायझर वरच्या पाण्याच्या थरावर थोडं काम करेल, कातडीवर नाही.

तेव्हा घ्यायचा तर घ्या, पण पूर्ण फिरवू नका. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत फिरवत न्या, चकाकी सगळ्यात कमी होते तिथे पोहोचा आणि मग अर्धं अंतर मागे या. दीड-दोन स्टॉप प्रकाश जाईल (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), त्याची तयारी ठेवा. दिव्यांवरही पोलरायझरची फिल्म आणि लेन्सवर तिला काटकोनात फिरवलेला पोलरायझर, अशी दुहेरी रचना काही जण सुचवतात. तिच्याने वरची चमक संपूर्ण जाते. चित्रांच्या किंवा कागदपत्रांच्या नकला काढायला ती अप्रतिम आहे, पण मासा त्यात मातीचा दिसतो.

कोळंबी, खेकडा, लॉबस्टर यांच्यात रंगाचा प्रश्न आधी येतो. कच्च्या कवचात अ‍ॅस्टाझँथिन हे लाल-नारिंगी रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून ते निळसर-करडं दिसतं. उष्णतेने प्रथिन मोडतं आणि लाल मोकळा होतो. हा लाल इतका गडद आणि शुद्ध असतो की कॅमेऱ्याचा लाल चॅनेल इतर दोघांच्या खूप आधी भरून जातो. साधा हिस्टोग्राम (फोटोत गडद ते उजळ भाग किती आहेत ते डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख) ठीक दाखवत असतो आणि तरी खेकड्याच्या पाठीचा पोत गेलेला असतो, एक सपाट लाल ठिगळ उरतं. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम असतो, तो लावा आणि लाल उजवीकडे आपटत असेल तर अर्धा ते एक स्टॉप खाली या. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) असेल तर सावल्या नंतर उचलता येतात, फुटलेला, म्हणजे भरून सपाट झालेला, लाल परत येत नाही.

याच कारणासाठी दिव्याची गुणवत्ता इथे जास्त महत्त्वाची. एलईडीच्या खोक्यावर लिहिलेला सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, आठ फिक्या रंगांच्या सरासरीवर काढतात. गडद लाल, म्हणजे आर9, त्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे आकडा चांगला असूनही कोळंबी तपकिरी आणि सॅमन मळकट दिसू शकतो. दिवा घेताना आर9 वेगळा पाहा, तो 90च्या आसपास असेल तर निश्चिंत व्हा. फ्लॅशचा वर्णपट सलग असतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. छताच्या पिवळ्या दिव्याखाली खिडकीचा निळसर उजेड मिसळला की एका माशाची अर्धी बाजू पिवळी आणि अर्धी निळी होते, ती कुठल्याही व्हाइट बॅलन्सने (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवण्याची सोय) एकत्र येत नाही. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंगछटा नसलेलं राखाडी कार्ड) ठेवून व्हाइट बॅलन्स तिथून घ्या, पांढऱ्या ताटलीवरून नको. बऱ्याच पांढऱ्या ताटल्या निळसर किंवा पिवळसर असतात. नंतर चवीप्रमाणे सरकवा: कच्चे काप, बर्फावरची कालवं थोडी थंड चालतात, भाजलेलं आणि तळलेलं थोडं उबदार. कच्चं पांढरं मांस पिवळं झालं तर मात्र शिळं वाटतं, तिथे हात आखडता घ्या.

सोललेल्या कोळंबीचं मांस, स्कॅलप (एका शिंपल्याचं मांस), कच्च्या माशाचे पातळ काप हे थोडे पारदर्शक असतात. प्रकाश आतून जाऊ दिला तरच ते जाणवतं. मागचा दिवा इथे एरवीपेक्षा खाली आणा, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर, आणि समोरचं पांढरं कार्ड थोडं दूर न्या. कोळंबीच्या शेपटीकडचा पातळ भाग आतून पेटल्यासारखा दिसायला लागतो. कापांच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने, आगपेटीएवढा आरशाचा तुकडा उभा करून प्रकाश नेमका त्या कापात पाठवता येतो. शिजलेलं मांस अपारदर्शक होतं, तिथे ही युक्ती वाया जाते.

पांढरं मांस पांढऱ्या ताटलीत, म्हणजे वाफवलेला मासा, माकूल, खेकड्याचं मांस, यांना समोरून उजेड दिला की सगळं एक होतं. ताटली गडद घ्या. ते शक्य नसेल तर दिवा नऊ किंवा तीनच्या जागी आणा, कार्ड काढून टाका आणि विरुद्ध बाजूला काळं लावा. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, असं ठेवा की ताटलीची कड पांढरी दिसेल, पण मांस तिच्यापेक्षा अर्धा स्टॉप तरी खाली राहील.

तळलेल्या पदार्थाला फार जपावं लागत नाही. कुरकुरीत थराचा खडबडीतपणा बाजूने येणारा थोडा कडक उजेड आवडीने दाखवतो. डिफ्यूजर एक थर पातळ करा, दिवा खाली आणा, झालं.

रश्श्याला आरशाची युक्ती सांगितली आहेच. त्यात भर एवढीच, की वाटीच्या मागच्या अर्ध्या भागात डिफ्यूजरचं विरतं प्रतिबिंब येऊ द्या आणि पुढचा अर्धा मोकळा ठेवा. पूर्ण चकाकी घालवलेला रस्सा डब्यातल्या रंगासारखा घट्ट दिसतो, पूर्ण चकाकीतला पाण्यासारखा. वरच्या तेलाच्या थेंबांना मागच्या दिव्यात आपोआप कडा मिळतात. मासे आणि कोळंबी रश्श्यात बुडतात, तेव्हा वाटीच्या तळाशी उलटी छोटी वाटी ठेवा म्हणजे ते पृष्ठभागावर राहून उजेड घेतील.

बर्फावरची कालवं. बर्फ समोरून करडा ढेकूळ दिसतो, मागून काचेसारखा. कालवाचं मांस करडं, गुळगुळीत, भोवती स्वतःचं पाणी, खाली पांढरं शिंपलं. एकटा मऊ दिवा इथे थोडा निस्तेज पडतो, आणि मी जाणूनबुजून कडक दिवा वापरतो अशा मोजक्या पदार्थांत हा येतो. मोठा डिफ्यूजर दहाच्या जागी मुख्य उजेडासाठी, आणि दोनच्या जागी लांबून उघडा छोटा दिवा, मुख्य उजेडापेक्षा एक स्टॉप मंद. त्याने शिंपल्यातल्या पाण्यावर टाचणीच्या डोक्याएवढे तेजाचे ठिपके येतात. ते ठिपके फुटलेले पांढरे असले तरी चालतात, त्यांच्यात काही तपशील दिसणं अपेक्षितच नसतं. मोठ्या पसरट जागेत पांढरं फुटलं तर मात्र तो दोष. बर्फाचे असंख्य पैलू असल्याने मोजमाप फसतं, म्हणून एक्स्पोजर कालवाच्या मांसावर ठेवा.

थेट उन्हाचा किंवा उघड्या फ्लॅशचा कडक उजेड मांडणीतच शोभत असेल, म्हणजे लांब सावल्या, काचेचे पेले, लिंबाच्या फोडी, तर तो सगळीकडे वापरायलाही हरकत नाही. अट एकच: एकच दिवा, आणि तो मागून. समोरून कडक उजेड आणि ओला मासा यांचं कधीच जमत नाही.

वाफ दाखवायची तर मागचा दिवा आणि गडद पार्श्वभूमी, दोन्ही लागतात. पांढऱ्या भिंतीसमोर वाफ असते पण दिसत नाही. लिंबू पिळतानाचे थेंब गोठवायला फ्लॅशचा काळ लहान हवा. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशची ताकद जितकी कमी, तितका त्याचा झोत आखूड होतो. तो अगदी कमी ताकदीवर टाका आणि पदार्थाच्या जवळ आणा. काही स्टुडिओ फ्लॅशमध्ये कमी ताकदीवर काळ उलट वाढतो, त्यामुळे पुस्तिकेत पाहून घ्या. फ्लॅश वापरताना आधी फ्लॅशशिवाय एक फ्रेम काढा: 1/200, एफ8, आयएसओ 100 ला ती काळी आली पाहिजे. आली नाही तर खोलीतला उजेड आत शिरतो आहे. सतत जळणाऱ्या एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर ते वीजपुरवठ्याच्या लुकलुकण्यामुळे. पुरवठा 50 हर्ट्झचा असेल तर शटर 1/50 किंवा 1/100, आणि 60 हर्ट्झचा असेल तर 1/60 किंवा 1/120 ठेवा.

ठीक वरून काढायच्या फोटोत अनेक जण दिवाही वर नेतात. नेऊ नका. तो बाजूलाच, बाराच्या किंवा दहाच्या दिशेला, टेबलापासून तीस अंशांच्या आत ठेवा. नाहीतर प्रत्येक ओल्या सपाट जागेत दिवा किंवा स्टँडवरचा कॅमेरा दिसेल.

उजेड कितीही नीट असला तरी मासळी वाट पाहत नाही. दिव्याखाली काही मिनिटांत वरचा थर सुकतो, कातडी सुरकुतते, लोणी गोठून पांढरं होतं, आणि मग लोक दिव्याला दोष देतात. म्हणून सगळी मांडणी डमी ताटलीवर करा. त्याच आकाराचा, त्याच रंगाचा, टाकाऊ तुकडा चालतो. उजेड, कार्डं, फोकस, एक्स्पोजर ठरलं की खरी ताटली आणा. शेवटच्या क्षणी ब्रशने तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, आणि तोही जिथे चकाकी हवी त्याच कडेला. अख्ख्या माशाला तेल चोपडलं की चकाकीच्या जागेचा निर्णय तुमच्या हातून गेला. थेंब हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारा. नुसतं पाणी पसरतं आणि वाळतं, हे थेंब टिकतात. असं फवारलेलं, दिव्याखाली तासभर राहिलेलं काही कोणाला खायला देऊ नका.

अखंड माशाचा डोळा शिजल्यावर पांढरा पडतो, त्यात जीव आणायच्या भानगडीत न पडलेलं बरं. हिरव्या पानाने अर्धा झाका किंवा फ्रेम शेपटीकडे वळवा. कच्च्या माशाच्या डोळ्यात मात्र एक छोटा तेजबिंदू हवाच. डिफ्यूजरचं प्रतिबिंब तिथे पोहोचत नसेल तर पांढऱ्या कार्डाचा बोटभर तुकडा हातात धरून, डोळ्यात उजेड येईपर्यंत हलवत राहा.

फोनने काढणार असाल तर यातलं बहुतेक सगळं तसंच लागू आहे. थेट ऊन न येणारी खिडकी हा दिवा, तिच्यावर पातळ पांढरा पडदा हा डिफ्यूजर, आणि ताटली अशी फिरवा की खिडकी दहा-अकराच्या जागी येईल. फोनचा स्वतःचा फ्लॅश कायमचा बंद. पदार्थावरच्या चकाकीजवळ बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा, कारण फोन आपणहून सावल्या उचलून सगळं सपाट करायला टपलेला असतो. वाइड लेन्सने जवळ जाऊ नका. फोनची सावली ताटलीवर पडते आणि त्याचं काळं प्रतिबिंब रश्श्यात उमटतं. एक पाऊल मागे जाऊन दुप्पट झूमची लेन्स वापरा.

एडिटिंगमध्ये हायलाइट्सचा स्लायडर अख्ख्या चित्रावर खाली ओढण्याची सवय सोडा, सुकलेपणाचं निम्मं कारण तिथे असतं. चकाकी करडी झाली की ती राखेसारखी दिसते. जे दोन-चार डाग चुकीच्या जागी पडलेत ते हीलिंग ब्रशने एकेक करून काढा, बाकीची चकाकी आहे तशी पांढरी राहू द्या.